चिरोटे आणि हजार फुले

दिवाळी अंकासाठी काय लिहावे, हा प्रश्न मला दरवर्षी चकलीच्या भाजणीच्या वासाबरोबर पडतो. आजवर या सदरातून मी तुमच्याशी फराळाविषयी बोलले, पाहुण्यांविषयी बोलले, माळ्यावरून उतरणाऱ्या आणि पुन्हा माळ्यावर चढणाऱ्या सामानाविषयीही बोलले. यंदा मात्र मला एक कबुली द्यायची आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी लागोपाठ चार बुधवार घरात चक्क खोटे बोलले. सांगितले ते असे की, भजनाच्या वर्गाला जाते. प्रत्यक्षात मी मुलुंडहून दुपारची गाडी पकडून दादरला जात होते, आणि एका महिला मंडळाच्या सभागृहात बसून मातीची फुले करीत होते.

असे चोरून जाण्याची पाळी का आली, ते आधी सांगते. म्हणजे माझी बाजू लंगडी आहे हे तुम्हांला सुरुवातीलाच कळेल.

आमची सूनबाई चांगली शिकलेली आहे. नातू झाला तेव्हा तिने नोकरी सोडली, आणि तो शाळेत जाऊ लागल्यावर तिने घरीच कानातली, पदके, केसांतले आकडे करून विकण्याचे काम सुरू केले. पॉलिमर क्ले नावाच्या रंगीत, मऊ पदार्थाची ही कानातली. त्यासाठी तिने स्वतःच्या पैशाने एक लहानसा ओव्हन आणून गॅलरीत ठेवला, तो नेमका माझ्या तुळशीशेजारी. "घरात एक ओव्हन असताना हा दुसरा कशाला?" असे मी विचारले होते. तिने कारण सांगितले होते, पण मी ते ऐकले नव्हते. प्रश्न विचारून उत्तर न ऐकण्याची कला सासूला आपोआप साधते.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सूनबाईने आपल्या हातची प्राजक्ताची कानातली घातली होती. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये केशरी ठिपका. एका बाईंनी कौतुकाने विचारले, "अय्या, कुठून घेतलीत हो?" सूनबाईने तोंड उघडण्याच्या आत मी म्हणाले, "काही नाही हो, प्लॅस्टिकची आहेत. करत बसते घरी. वेळ जातो तिचा."

बाई हसल्या. सूनबाईही हसली आणि वाण द्यायला वळली. पण दुसऱ्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलावरचे आपले सामान उचलून आतल्या खोलीत नेले. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीइतकेच गोड बोलत होती. मात्र काय नवे केले ते दाखवायला येईनाशी झाली. आधी येत असे, हे माझ्या लक्षात आले ते ती येईनाशी झाल्यावर.

जुलै महिन्यात दादरला गेले असता त्या मंडळाच्या फलकावर जाहिरात वाचली. पॉलिमर क्लेचा वर्ग, चार बुधवार, दुपारी दोन ते पाच, वयाची अट नाही. शेवटचे तीन शब्द माझ्यासाठीच लिहिलेले असावेत असे वाटले, आणि मी पैसे भरून मोकळी झाले.

पहिल्या बुधवारी गेले ती मोठ्या तोऱ्यात. चाळीस वर्षे कणीक मळली, उकड मळली, पुरण वाटले. मातीचा गोळा मळायचा तो काय! वर्गात चौदा बायका आणि एक निवृत्त गृहस्थ. शिकवणारी मुलगी असेल पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने प्रत्येकापुढे एक गुळगुळीत पांढरी फरशी, एक छोटे लाटणे, एक पातळ पाते आणि रंगीत वड्या ठेवल्या. मी एक पांढरी वडी घेऊन मळू लागले, तर तिचा झाला भुगा! सवयीप्रमाणे मी शेजारच्या भांड्यात बोटे बुडवली. "काकू, पाणी नको!" ती मुलगी लांबून ओरडली. सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला.

मग तिने समजावून सांगितले. हिचे नाव क्ले असले तरी ही माती नव्हेच. शाडूला पाणी लागते, हिला पाण्याचे वावडे. नळाचे पाइप ज्याचे होतात त्या पी.व्ही.सी.ची ही अतिशय बारीक पूड. तिच्यात तिला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर नावाचे द्रव्य आणि रंग घातलेले असतात. ही हवेवर वाळत नाही, नीट झाकून ठेवली तर महिनोन् महिने तशीच मऊ राहते. ती घट्ट होते फक्त उष्णतेने. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला तिचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात. नेमके किती अंश आणि किती वेळ, ते प्रत्येक कंपनी वेष्टनावर छापते, आणि ते वाचल्याखेरीज ओव्हनला हात लावायचा नाही. भाजणी कमी झाली तर वस्तू ठिसूळ राहते आणि वाकवताच मोडते. जास्त झाली तर रंग करपतो. अगदी जळलीच, तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो नाकाघशाला फार वाईट. म्हणून या कामाची भांडी, लाटणी, सुऱ्या पुन्हा स्वयंपाकात आणायच्या नाहीत, आणि जमेल त्याने ओव्हनही वेगळाच ठेवावा.

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला गॅलरीतला ओव्हन आठवला. सूनबाईने मला हेच कारण सांगितले होते.

त्या मुलीने या पदार्थाची जी कुळकथा सांगितली, ती मला फार आवडली. जर्मनीत केटे क्रूझ नावाची एक बाई होती. १९०५ साली तिच्या मुलीला बाहुली हवी होती. नवरा शिल्पकार, त्याला दुकानातल्या बाहुल्या मुळीच पसंत पडेनात. तेव्हा या बाईने घरीच एका टॉवेलमध्ये वाळू भरून आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधून बाहुली केली. त्या बटाट्याच्या डोक्यातून पुढे जगप्रसिद्ध बाहुल्यांचा कारखाना निघाला. १९३९ च्या सुमारास बाहुल्यांसाठी म्हणून एक नवा प्लॅस्टिकचा मऊ पदार्थ तिच्याकडे आला. कारखान्याच्या कामाला तो सोयीचा ठरला नाही, म्हणून तिने तो आपल्या मुलीला, सोफीला, दिला. सोफीला घरात 'फीफी' म्हणत. ही मुलगी त्याच्याशी खेळत राहिली, त्यातून वस्तू करीत राहिली. १९६४ साली तो पदार्थ एका पेन्सिली करणाऱ्या कंपनीकडे गेला, आणि तोच आज 'फिमो' या नावाने दुकानांत मिळतो. त्या नावातले पहिले अक्षर फीफीचे. तिकडे अमेरिकेतल्या 'स्कल्पी'ची गोष्ट तर आणखी गमतीची. तो पदार्थ विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी तयार केला होता. त्या कामाला तो नापास झाला आणि १९६० च्या दशकात कलाकारांच्या हाती पडला.

एकूण काय, मोठ्या कामाला निरुपयोगी ठरलेली वस्तू घरातल्या माणसांनी हाती धरली आणि तिचे सोने केले. हे ऐकताना मी मान डोलावली खरी, पण मनात काहीतरी टोचत होते.

दुसऱ्या बुधवारी रंग शिकलो. पांढरा रंग आधी हाताळायचा, लाल आणि काळा सर्वांत शेवटी. कारण लाल हाताने पांढऱ्याला शिवलात तर पांढरा गुलाबी झालाच म्हणून समजा. मग एक यंत्र आले. हाताने फिरवायचे, दोन रुळांतून पोळीसारखा पातळ पत्रा काढणारे. एक पांढरा त्रिकोण, एक केशरी त्रिकोण, दोन्ही जोडून चौकोन करायचा, दुमडायचा आणि रुळांतून काढायचा. पुन्हा दुमडायचा, पुन्हा काढायचा. ही युक्ती ज्युडिथ स्किनर या अमेरिकन बाईंची, आणि तिला त्यांचेच नाव आहे. पहिल्या काही खेपांत नुसते पट्टे दिसतात. वीस-पंचवीस खेपा झाल्या की पट्टे नाहीसे होतात, आणि पांढऱ्यातून केशरी असा उगवतो की कोठे सांधा म्हणून दिसत नाही. अट एकच, घडी दर वेळी त्याच दिशेने घालायची. माझी एक घडी बोलण्याच्या नादात आडवी पडली आणि सगळ्याची केशरी बासुंदी झाली. शेजारच्या गृहस्थांची घडी मात्र एकदाही चुकली नाही. ते जन्मभर नकाशे काढत होते, असे मागाहून कळले.

तिसऱ्या बुधवारी माझी वेळ आली. दोन रंगांचे पत्रे एकावर एक ठेवून ती मुलगी त्यांची गुंडाळी करू लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अग, हे तर चिरोटे!" पोळीवर साटा लावायचा, पोळीवर पोळी ठेवायची, घट्ट गुंडाळी करायची आणि आडवे काप घ्यायचे, प्रत्येक कापात आतले पदर उलगडून दिसतात. अळूवडीचेही तेच. वर्गातल्या दोन मुलींनी चिरोटे फक्त डब्यात पाहिले होते. त्यांना मी ती कृती सांगितली आणि पाच मिनिटे वर्गाची बाई झाले!

या गुंडाळीला हे लोक 'केन' म्हणतात. आपण कांडी म्हणू. पद्धत जुनी आहे, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काच-कारागीर ती वापरीत आले आहेत. रंगीत काचेच्या कांड्या अशा जोडायच्या की आडवा काप घेतला की फूल दिसावे. या कामाचे इटालियन नाव 'मिलेफिओरी', म्हणजे हजार फुले.

मी प्राजक्ताची कांडी करायला घेतली. एक पांढरी लांब कांडी पाकळीच्या आकाराची केली, तिचे सहा तुकडे केले आणि केशरी दांडीभोवती उभे मांडले. प्राजक्ताला पाकळ्या किती, असे मुलीने विचारले. मी म्हटले, पाचही असतात, सहाही, सात-आठसुद्धा; अंगणात वेचलेत तर कळेल. पाकळ्यांमधल्या खाचा गडद हिरव्याने गच्च भरायच्या, नाहीतर दाबताना पाकळ्या कोसळतात. मग सगळी कांडी मुठीत धरून मधोमध दाबायला सुरुवात करायची, थोडी फिरवायची, पुन्हा दाबायची. मनगटाएवढी जाड कांडी बारीक होत होत बोटाएवढी होते आणि हातभर लांबते, पण कोठेही कापा, आत तेच फूल असते. फक्त दोन्ही टोके बिघडतात, ती बाजूला काढावी लागतात. शेवटी कांडी गार करायची आणि पातळ पात्याने काप घ्यायचे. दर कापाला कांडीला पाव वळण द्यायचे, म्हणजे ती एका बाजूने चपटी होत नाही.

माझ्या कांडीतून धड फुले निघाली नऊ. बाकीची वाकडी, चेपलेली, काहींवर माझ्या अंगठ्याचा शिक्का. आणि अजून काम संपलेले नव्हतेच. भाजणी उरली होती. त्यानंतर चारशे, सहाशे, आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायचे, कड्या अडकवायच्या. तीन दुपारी गेल्या आणि कानातल्यांचा एक जोडसुद्धा पुरा झाला नव्हता.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि एक जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी मामंजींसाठी वेलबुट्टीचा स्वेटर विणला होता. दोन महिने रात्री जागून. पाहुण्यांनी कौतुक केले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिचे काय, हातांना चाळा लागतो." त्या काही वाईट नव्हत्या, सहज बोलून गेल्या. पण ते वाक्य मला जवळजवळ चाळीस वर्षे शब्दाशब्दांनिशी पाठ आहे. आणि तेच वाक्य, थोडे शब्द बदलून, मी माझ्या सुनेच्या ओंजळीत टाकले होते, तेही चार माणसांत.

पुढच्या बुधवारी वर्गात भाजणी होणार होती. पण मला धीर धरवेना. रविवारी सूनबाई, मुलगा आणि नातू बाहेर गेलेले. हे वर्तमानपत्रात बुडालेले. मी माझी नऊ फुले काढली, गॅलरीतल्या ओव्हनमध्ये ठेवली, बटण १३० वर फिरवले आणि अर्धा तास लावला. वीस मिनिटांत वेगळाच वास सुटला. दार उघडून पाहते तो पांढऱ्या पाकळ्या तांबूस झालेल्या, जणू खमंग भाजलेला रवा! आणि नेमकी त्याच वेळी दाराची घंटा वाजली.

सूनबाईने एक शब्द न बोलता आधी ओव्हन बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि नातवाला खाली खेळायला पाठवले. फुले निवल्यावर तिने एक उचलले, उलटे केले, कडेवरून बोट फिरवले.

"आई, ही केन तुम्ही केलीत?"

"भजनाच्या वर्गात," मी म्हणाले.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वर धरले. वर्तमानपत्र मात्र बराच वेळ हलत होते.

"पातं अगदी सरळ धरलंत," सूनबाई म्हणाली. मग तिने आपल्या कपाटातून एक लहानसा थर्मामीटर आणला. "बटणावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. या ओव्हनला वीस अंश जास्त चढतात. मी बटण ११० वर ठेवते, आत १३० झाले की मग वस्तू ठेवते. आणि वरून फॉइलचं झाकण." माझ्या बिडाच्या तव्याचा स्वभाव मी जशी ओळखते, तशी ती त्या ओव्हनचा ओळखत होती.

मग मला बोलावेच लागले. म्हटले, "संक्रांतीला मी जे बोलले ना, ते चुकलं माझं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "प्लॅस्टिक म्हणालात त्याचं काही वाटलं नाही, आई. प्लॅस्टिकच आहे ते. 'वेळ जातो' म्हणालात, ते लागलं. वेळ जात नाही हो. वेळ घालावा लागतो."

याच्यावर मी काय बोलणार? त्या दिवसापासून तिचे सामान हळूहळू जेवणाच्या टेबलावर परत आले. मी सांगितले नाही, तिने विचारले नाही.

प्लॅस्टिकचा मुद्दा खोटा नाही, हेही येथे सांगून टाकते. भाजलेली वस्तू पुन्हा मऊ करून नवी करता येत नाही, आणि ती मातीत कुजतही नाही. म्हणून सूनबाई कच्च्या मालाचा कण वाया घालवत नाही. कांडीची बिघडलेली टोके, चुकलेले रंग, सगळे एकत्र मळून मण्यांच्या गाभ्यात जाते. वरून फक्त पातळ, देखणा पापुद्रा. माझी केशरी बासुंदीसुद्धा तिने तशी कामी लावली. आपण मोडलेल्या चकल्यांचा चुरा भेळेत घालतो ना, तसेच.

दिवाळीपूर्वी आमच्या भागात एक प्रदर्शन भरले. सूनबाईच्या टेबलापाशी मी सुटे पैसे सांभाळायला बसले होते. एक बाई आल्या, कानातली उचलली, किंमत विचारली आणि म्हणाल्या, "एवढ्याशा प्लॅस्टिकला एवढे?" माझ्या जिभेवर उत्तर तयार होते. तीन दुपारी, पंचवीस घड्या, नऊ फुले, सगळा हिशेब. पण आठवले की, संक्रांतीला माझा गुन्हा झाला होता तो तिच्या आधी बोलण्याचाच. मी ओठ मिटून घेतले आणि सूनबाईकडे पाहिले. तिने शांतपणे एक कच्ची कांडी काढून दाखवली, एक काप घेतला आणि फूल त्यांच्या तळहातावर ठेवले. बाई पाहत राहिल्या. घेतले काहीच नाही. सूनबाईने मात्र ते मनाला लावून घेतले नाही. "चहा घेता का, आई?" एवढेच विचारले.

जाता जाता त्या बाई माझ्या कानांकडे पाहून म्हणाल्या, "ही तांबूस बरी आहेत. ही कितीला?"

"ती विकायची नाहीत," सूनबाई म्हणाली, "ती आमच्या आईंनी केलीत." माझ्या करपलेल्या नऊ फुलांपैकी दोन तिने घासून, कड्या लावून मला दिली होती. दुपारी झाडाखाली पडलेला प्राजक्त असाच दिसतो, असे तिचे म्हणणे.

परवा आम्ही दोघींनी मिळून चिरोटे केले. पोळ्या मी लाटल्या, साटा मी लावला, गुंडाळी तिने केली. कापताना ती दर कापाला गुंडाळीला पाव वळण देत होती. इतकी वर्षे माझे चिरोटे एका बाजूने किंचित चपटे होत. यंदाचे अगदी गोल झाले आहेत. दिवाळीत येऊन पाहाच.